पानझडी, सदाहरित आणि सूचिपर्णी वृक्ष

वृक्षांचे पानझडी, सदाहरित आणि सूचिपर्णी असे तीन गट सर्रास सांगितले जातात. परंतु पहिले दोन पानगळीच्या रीतीवरून आणि तिसरा वनस्पतीच्या वर्गीकरणातील गटावरून ठरत असल्याने ही विभागणी फारशी शास्त्रशुद्ध नाही. रत्नागिरीत सुमारे चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे जातात; या कोरड्या काळात पानांवाटे होणारे बाष्पोत्सर्जन, म्हणजे पाण्याची वाफ होऊन जाणे, टाळण्यासाठी सावर, पांगारा, साग, ऐन हे पानझडी वृक्ष निष्पर्ण होतात. थंड प्रदेशात हेच काम हिवाळा करवून घेतो. आंबा, फणस, रातांबा, सुरंगी या सदाहरित वृक्षांचीही पाने गळतात, मात्र ती एकदम न गळता नवी फुटत असताना टप्प्याटप्प्याने गळतात.

सूचिपर्णी वृक्ष हे प्रामुख्याने सुईसारख्या पानांचे व नग्नबीजी, म्हणजे ज्यांचे बी फळात बंद नसून शंकूच्या खवल्यांवर उघडे असते असे असतात. हिमालयातील देवदार सदाहरित आहे, तर लार्च सूचिपर्णी असूनही पानझडी आहे. रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावरील सुरू सूचिपर्णी वाटतो, पण तो सपुष्प वृक्ष आहे. त्याच्या हिरव्या ‘सुया’ वस्तुतः पेरेदार डहाळ्या असून खरी पाने प्रत्येक पेऱ्याशी सूक्ष्म खवल्यांच्या वलयात असतात. किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी अशी एक डहाळी पेऱ्याशी हलकेच ओढून अवश्य पाहावी.