पॉइंटांवर परदेशवारी

गटांच्या बैठकांत हल्ली एक प्रश्न आमच्यापुढे येतो. शहरात नोकरीला असलेला मुलगा म्हणतो, "आई, तुझ्या नावानेही क्रेडिट कार्ड काढू, पॉइंट साठवू आणि सगळे मिळून दुबईला फुकटात जाऊन येऊ." हे खरं असतं का? अगदीच खोटं नाही. पण 'फुकट' या शब्दाचा हिशेब आज मांडून बघू.

आधी पॉइंट येतात कुठून ते पाहू. आपण कार्डाने पैसे दिले की दुकानदाराला त्यातून कमिशन द्यावं लागतं, साधारण शंभराला दीड-दोन रुपये. त्यातला थोडा वाटा बँक पॉइंटांच्या रूपाने आपल्याला देते. म्हणूनच काही दुकानदार "कार्ड असेल तर दोन टक्के जास्त" म्हणतात. तिथे दोन रुपये देऊन आठ आणे कमावण्यात काय अर्थ?

आठ आणे का म्हटलं? समजा, १०० रुपयांच्या खरेदीला २ पॉइंट मिळतात आणि एक पॉइंट २५ पैशांचा आहे. म्हणजे शंभराला ५० पैसे. चौघांची विमानाची तिकिटं १ लाख रुपयांची धरली, तर तेवढे पॉइंट जमायला २ कोटींची खरेदी करावी लागेल! शंभराला २ रुपये सुटणारं भारी कार्ड असलं, तरी ५० लाखांची. शिवाय पेट्रोलसारख्या खर्चावर बहुतेक कार्डं पॉइंट देतच नाहीत. मग पॉइंटांवर जातात ते कोण? ज्यांच्या धंद्याचा लाखोंचा खर्च कार्डावरून होतो ते, किंवा नवीन कार्डाचे जादा पॉइंट मिळवून ते विमान कंपनीच्या खात्यात नेमके वळवणारे. त्यांनाही तिकिटावरचे कर बहुधा रोखच भरावे लागतात. पासपोर्ट, व्हिसा, तिथलं खाणंपिणं हे वेगळंच.

आता खरी गोम. कार्डाचं पूर्ण बिल तारखेच्या आत भरलं तर व्याज लागत नाही. पण बिलावर 'किमान रक्कम' म्हणून एक छोटा आकडा असतो. तेवढाच भरला तर दंड टळतो, व्याज टळत नाही. ते खरेदीच्या दिवसापासून लागतं, आणि नव्या खरेदीवरही लगेच सुरू होतं. दर किती? बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. आपल्या गटात शेकडा दोनने कर्ज द्यायचं म्हटलं तरी बैठकीत किती चर्चा होते!

५०,००० रुपये महिनाभर थकले, तर साडेतीन टक्क्यांनी व्याज १,७५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५. झाले २,०६५. आणि त्याच ५०,००० वर पॉइंट मिळाले होते २५० रुपयांचे. एका महिन्याच्या थकबाकीने आठ महिन्यांचे पॉइंट खाल्ले. कार्डाने एटीएममधून रोख काढली तर बिनव्याजी मुदतच नाही. फी आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

परदेशात कार्ड वापरलं की दोन ते साडेतीन टक्के चलनबदलाचे जातात, वर जीएसटी. तिथलं मशीन विचारतं, पैसे रुपयांत घेऊ की इथल्या चलनात? इथल्या चलनात म्हणावं. रुपयांत घेतले तर भाव बहुधा आणखी महाग लावतात.

कार्ड कोणाच्या नावावर आहे, हेही बघा. मुलाच्या कार्डाला जोडलेलं जादा कार्ड तुम्हाला मिळालं, तर बिलाची जबाबदारी मुलाची. पण मूळ कार्डच तुमच्या नावावर असेल, तर खर्च कोणीही करो, थकबाकीची नोंद तुमच्या नावावर होते. उद्या म्हशीसाठी बँकेत कर्ज मागायला गेलात की तीच नोंद साहेबांपुढे येते. म्हणून सही करण्याआधी मुलाला दोन गोष्टी विचारा: वर्षाची फी किती, आणि दरमहा पूर्ण बिल कोणाच्या खात्यातून जाणार? ते खात्यातून आपोआप कापलं जाण्याची सोय बँकेत होते, ती करूनच घ्या. सहल ठरलीच असेल तर तिचे पैसे आधी साठवा. पॉइंटांतून एखादं तिकीट स्वस्त पडलं तर ते वरकड समजा.

आणि "तुमचे पॉइंट आज रात्री संपतात, लिंक दाबा" असा मेसेज आला तर दाबू नका. ओटीपी सांगू नका, पाठवलेलं ॲप मोबाइलमध्ये घेऊ नका. पैसे गेलेच, तर त्याच घडीला १९३० या नंबरवर फोन लावा आणि बँकेला सांगून कार्ड बंद करा.