नवजात शिशू परिचर्येतील डॉक्टरेट प्रशिक्षण : स्वरूप आणि ग्रामीण महाराष्ट्राचा संदर्भ

प्रस्तावना :
मानवी आयुष्यातील पहिले अठ्ठावीस दिवस सर्वाधिक जोखमीचे असतात. नमुना नोंदणी पद्धतीच्या 2020 च्या आकडेवारीनुसार दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यूंचे प्रमाण भारतात 20, तर महाराष्ट्रात 11 होते. राज्याची सरासरी समाधानकारक वाटत असली, तरी सरासरीच्या आड अनेक गावे दडलेली असतात. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा हे हळदीच्या पट्ट्यातील असेच एक गाव होय. येथे एखाद्या मातेची प्रसूती तिसाव्या आठवड्यातच झाली आणि बाळाचे वजन जेमतेम बाराशे ग्रॅम भरले, तर त्या बाळाला प्रथम हाताळणारी व्यक्ती बहुधा परिचारिकाच असते. बाळ रडले नाही तर जन्मानंतरच्या पहिल्या साठ सेकंदांत बॅग व मास्कने श्वास द्यावयाचा असतो. बालरोगतज्ज्ञाला बोलावण्याइतका अवधी त्या एका मिनिटात नसतो. त्यामुळे परिचारिकेने किती शिकावे आणि शिकून कोणते निर्णय घ्यावेत, हा प्रश्न निव्वळ शैक्षणिक राहत नाही. प्रस्तुत लेखात याच अंगाने नवजात शिशू नर्स प्रॅक्टिशनरच्या डॉक्टरेट प्रशिक्षणाचा विचार केला आहे.

संकल्पना आणि उगम :
नर्स प्रॅक्टिशनर ही संकल्पना मूळची अमेरिकेतील आहे. 1965 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड ही परिचारिका व हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी या प्रकारचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. पुढील दशकात नवजात अतिदक्षता कक्षांची संख्या वाढली. त्या मानाने निवासी डॉक्टर मात्र अपुरे पडू लागले. या निकडीतून नवजात शिशू नर्स प्रॅक्टिशनर ही स्वतंत्र शाखा उदयास आली. तिचा जन्म तत्त्वचर्चेतून नव्हे, तर रात्रपाळीच्या गरजेतून झाला, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सदर परिचारिका बाळाची संपूर्ण तपासणी करते, निदान करते, औषधे लिहून देते, श्वासनलिकेत नळी घालते, नाळेच्या रक्तवाहिनीतून कॅथेटर बसविते आणि व्हेंटिलेटरचे मापदंड ठरविते. हे सर्व ती नवजाततज्ज्ञांच्या चमूत राहून करते. मात्र पहाटे तीन वाजता बाळाचा ऑक्सिजन घसरला, तर पहिला निर्णय तिचाच असतो.

दोन डॉक्टरेटमधील भेद :
आपल्या महाविद्यालयीन जगात डॉक्टरेट म्हटले की पीएच.डी.च डोळ्यांसमोर येते. ती पदोन्नतीशी, वेतनश्रेणीशी आणि 2022 च्या नियमावलीने एम.फिल. बंद झाल्यापासून तर अधिकच घट्टपणे नोकरीशी जोडली गेली आहे. परिचर्येत मात्र डॉक्टरेटचे दोन मार्ग आहेत. पीएच.डी. नवे ज्ञान निर्माण करण्यासाठी असते. डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस, अर्थात डी.एन.पी., ही उपलब्ध ज्ञान रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचविण्यासाठी असते. केंटकी विद्यापीठाने 2001 मध्ये डी.एन.पी. सुरू केली. 2004 मध्ये अमेरिकेतील परिचर्या महाविद्यालयांच्या संघटनेने 2015 पर्यंत प्रगत परिचर्येसाठी हीच प्रवेशपात्रता असावी, अशी भूमिका घेतली. ते उद्दिष्ट साध्य झाले नाही; पदव्युत्तर पदवीचा मार्ग तेथे आजही खुला आहे.

या अभ्यासक्रमाचा पाया वर्गात नव्हे, तर कक्षात घातला जातो. नवजात अतिदक्षता कक्षातील प्रत्यक्ष अनुभव त्यासाठी महत्त्वाचा मानला जातो. पदवीनंतर किमान एक हजार तासांचे पर्यवेक्षित प्रात्यक्षिक डी.एन.पी.साठी 2006 च्या निकषांत सांगितले होते. अपुऱ्या फुप्फुसांत सर्फॅक्टंटचा अभाव काय करतो, जन्मताच रक्ताभिसरणाचा मार्ग कसा बदलतो, गर्भावधी व वजनानुसार जेंटामायसिनच्या दोन मात्रांतील अंतर का बदलावे लागते, हे सारे त्यात शिकवले जाते. अखेरीस प्रबंधाऐवजी सुधारणा प्रकल्प असतो. उदाहरणार्थ, कक्षात दाखल होताना किती बाळांचे तापमान 36.5 अंश सेल्सिअसपेक्षा कमी असते, हे विद्यार्थिनी मोजते. प्रसूतिगृह ते कक्ष या वाटेत बाळ कोठे गारठते ते ती शोधते, कार्यपद्धती बदलते आणि पुन्हा मोजते. अशा प्रकल्पास कोणी 'मौलिक संशोधन' म्हणणार नाही. परंतु अनेक प्रबंधांपेक्षा त्याचा उपयोग अधिक आहे, हे मान्य करावे लागेल.

भारतीय परिस्थिती :
भारतात नवजात शिशू नर्स प्रॅक्टिशनरची डॉक्टरेट प्रस्थापित झालेली नाही. येथे बी.एस्सी. नर्सिंगनंतर नवजात परिचर्येची एक वर्षाची पदविका किंवा बालआरोग्य परिचर्येतील दोन वर्षांची एम.एस्सी. करता येते. 1998 मध्ये स्थापन झालेले नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ परिचर्येत पीएच.डी.ही देते. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. केंद्र शासनाच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रसूतिशास्त्रासाठी अठरा महिन्यांचे प्रशिक्षण आले. मातेसाठी आणि प्रौढ अत्यवस्थ रुग्णासाठी वाट झाली. दोहोंच्या मध्ये असलेले नवजात बालक तेवढे राहून गेले.

याहून मोठी अडचण रचनेची आहे. आपल्याकडे परिचारिका जसजशी अधिक शिकते, तसतशी ती रुग्णापासून दूर जाते. एम.एस्सी. झाली की अध्यापिका, पीएच.डी. झाली की प्राचार्या, असा हा प्रवास असतो. खाटेजवळ राहूनही वरचे पद व वेतन मिळेल, अशी शिडीच शासकीय सेवेत नाही. पद नसताना केवळ पदवी निर्माण केल्यास ती परदेशगमनाचा परवाना ठरण्याचा संभव अधिक.

गडचिरोलीचा धडा :
निर्णयाचा अधिकार खालच्या पातळीवर देता येतो, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात 39 गावांत घरपोच नवजात काळजीचा प्रयोग केला; तुलनेसाठी 47 गावे घेतली. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातील स्त्रियांना श्वासावरोध, जंतुसंसर्ग व कमी वजन ओळखण्याचे आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्याचे शिक्षण दिले गेले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात 62 टक्के घट झाल्याचे 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केले. 2011 पासून आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींना देशभर जे स्वरूप मिळाले, त्यामागे हा अनुभव होता.

येथे एक आक्षेप संभवतो. सातवी शिकलेली स्त्री हे करू शकत असेल, तर डॉक्टरेट कशाला? परंतु गडचिरोलीतील स्त्रियांमागे प्रशिक्षण देणारी, नोंदी तपासणारी आणि चूक दाखविणारी जाणकार फळी होती. त्यांच्या हातून होणारे उपचारही ठरावीक होते. बाराशे ग्रॅमच्या बाळाला श्वासासाठी यंत्राचा आधार द्यावा लागला, की तो आवाका संपतो. कुरुंद्याच्या बाळाला 108 च्या रुग्णवाहिकेतून हिंगोली वा नांदेडकडे न्यावे लागते. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 2023 च्या ऑक्टोबरारंभी चोवीस तासांत जे 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात बालके होती. त्या घटनेला एकच कारण जोडणे अन्यायाचे होईल; पण दूरदूरची अत्यवस्थ बाळे एकाच दारी, बहुधा उशिरा पोहोचतात, हे वास्तव तिने पुढे आणले.

डॉक्टरेटप्राप्त परिचारिका प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असावी, असे म्हणणे अव्यवहार्य आहे. जिल्हा रुग्णालयाच्या विशेष नवजात काळजी कक्षात मात्र अशी एक व्यक्ती असू शकते. कक्षातील रात्रीचे निर्णय, तालुक्यांतील अधिपरिचारिकांचे प्रशिक्षण, दूरध्वनीवरून सल्ला आणि दगावलेल्या प्रत्येक बाळाच्या प्रवासाची चिकित्सा ही कामे तिच्याकडे देता येतील. 2023 च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायद्याने शिक्षणाची फेररचना करण्यास वाव दिला आहे. तथापि औषध लिहिण्याचा अधिकार किती, चूक झाल्यास उत्तरदायित्व कोणाचे आणि सेवानियमांत पदनाम कोणते, या तीन बाबी अभ्यासक्रमाच्या आधी ठरवाव्या लागतील.