पसरलेली चढाई आणि पाच जणांची फळी

अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये संघाच्या ११ खेळाडूंपैकी चेंडू मागे देणारा ‘सेंटर’, त्याच्या दोन्ही बाजूंचे ‘गार्ड’ आणि त्यांच्याबाहेरचे ‘टॅकल’ अशा पाच जणांची ‘ऑफेन्सिव्ह लाइन’ बनते. चढाईचा सूत्रधार असलेल्या ‘क्वार्टरबॅक’ला प्रतिस्पर्ध्यांपासून वाचवणे आणि धावणाऱ्यासाठी वाट मोकळी करणे, हे तिचे काम असते.

‘स्प्रेड ऑफेन्स’ या पद्धतीत तीन ते पाच झेलकरी १६० फूट रुंदीच्या मैदानावर पसरवले जातात, त्यामुळे बचावही पांगतो. मात्र फळीच्या मदतीला उभे राहणारे जादा खेळाडूही कमी होतात आणि सहा बचावपटू एकदम चालून आल्यास पाच जणांच्या हातून एक सुटतोच. त्यावर ‘झोन रीड’ हा तोडगा आहे : टोकाचा बचावपटू मुद्दाम मोकळा सोडला जातो आणि तो धावणाऱ्यावर झेपावल्यास क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडेच ठेवून पळतो.

या डावपेचासाठी निव्वळ वजनदार नव्हे, तर एका लयीत आडवे सरकणारे चपळ खेळाडू लागतात. २००८ मध्ये प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझ यांनी मिशिगन विद्यापीठात ही पद्धत आणली, तेव्हा टॅकल जेक लाँग व्यावसायिक फुटबॉलकडे वळला होता आणि क्वार्टरबॅकही अननुभवी होते. त्या हंगामात संघाने तीन सामने जिंकले, नऊ गमावले. २०१० मध्ये मात्र त्याच संघाचा क्वार्टरबॅक डेनार्ड रॉबिन्सन १,७०२ यार्ड धावला. पद्धत एका हंगामात बदलता येते, तिला साजेशी फळी घडवण्यास मात्र अनेक हंगाम लागतात.