ओहोटीच्या खडकांवरील अभ्यासिका

'सायलेंट स्प्रिंग' (१९६२) या ग्रंथामुळे रेचल कार्सन यांचे नाव कीटकनाशकांच्या प्रश्नाशी कायमचे जोडले गेले. अमेरिकेत १९७२ साली, तर भारतात १९८९ साली शेतीतील डीडीटीच्या वापरावर बंदी आली. तथापि या लेखिकेची दृष्टी शेतात नव्हे, तर समुद्रकिनाऱ्यावर घडली होती, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

त्यांचा जन्म १९०७ साली पेनसिल्व्हेनियात, सागरापासून दूर झाला. समुद्र त्यांनी प्रथम पाहिला तो १९२९ साली, वूड्स होल येथे. १९३६ ते १९५२ या काळात त्या मत्स्य व वन्यजीव विभागाच्या सेवेत होत्या व तेथे त्यांनी अनेक माहितीपत्रके लिहिली. शासकीय पत्रकांना नाके मुरडणाऱ्यांनी याची नोंद घ्यावयास हरकत नाही!

१९५३ साली त्यांनी मेन राज्यातील साउथपोर्ट बेटावर लहानसे घर बांधले. तेथील किनारा खडकाळ आहे. पाणी ओसरले की खडकांवर जीवसृष्टीचे पट्टे उघडे पडतात. वर बार्नकलांचा पांढुरका थर, खाली तपकिरी समुद्रशैवाल, त्याहून खाली तांबूस शेवाळ. पाण्याबाहेर किती काळ तग धरता येतो, यावर बव्हंशी प्रत्येकाची जागा ठरते. शैवालाच्या ओलसर आच्छादनाखाली लहान जीव ऊन टाळतात. शिंपल्यांवर मांसाहारी गोगलगाई जगतात. येथे एकटा असा कोणीच नाही. हे निरीक्षण 'द एज ऑफ द सी' (१९५५) या पुस्तकात विस्ताराने आले आहे.

त्याच वर्षी फ्लोरिडातील सेंट लुसी परगण्यात चावऱ्या चिलटांच्या अळ्या मारण्यासाठी सुमारे २,००० एकर खाजणावर डिल्ड्रिन फवारण्यात आले. किमान ३० जातींचे सुमारे ११,७५,००० मासे मेले. 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये हा प्रसंग नोंदविताना कार्सन केवळ मृत माशांच्या आकड्यापाशी थांबत नाहीत. त्या खेकड्यांकडे वळतात. फवारणीने तेही जवळजवळ नष्ट झाले होते. चिखलात बिळे करून हा खेकडा माती भुसभुशीत करतो, तीत हवा खेळवितो, घाण खाऊन टाकतो आणि स्वतः पक्ष्यांचे व प्राण्यांचे भक्ष्य होतो. फवारणीच्या योजनेत चिलट होते; खेकड्याचा विचार कोणी केलेला नव्हता.