पाडव्याचे पहिले पान

सणाचा स्वयंपाक वडीलधाऱ्यांच्या हाताखाली वावरून शिकावयाचा, ही महाराष्ट्रातील जुनी रीत. सून सासूजवळ आठ-दहा दिवाळ्या काढी. प्रथम वाटणघाटण, मग कोशिंबिरी, मग पुऱ्या असे करता करता केव्हा एकदा पळी तिच्या हाती येई, हे कोणाच्या ध्यानातही येत नसे. नोकरीनिमित्त दिल्ली, भोपाळ, कोलकाता किंवा हैदराबाद येथे बिऱ्हाड थाटणाऱ्या कुटुंबांच्या वाट्यास हा संथ क्रम येत नाही. तेथे एखाद्या वर्षी असे ठरते की, या खेपेस मुलाने-सुनेने गावी न जाता दोन्हीकडच्या आईवडिलांनीच इकडे यावे. मग जी पळी दहा वर्षांत हातची बदलावयाची, ती एका दिवसात बदलते. यजमानांची खरी धांदल होते ती याच कारणाने. बारा माणसांचा स्वयंपाक ही त्यामानाने किरकोळ गोष्ट होय.

दिल्लीचेच उदाहरण घेऊ. तेथे दिवाळीची केंद्रीय सुट्टी लक्ष्मीपूजनाच्या दिवसाची. बलिप्रतिपदा हा उत्तरेकडे गोवर्धनपूजेचा व अन्नकूटाचा दिवस. पण सरकारी कचेऱ्या त्या दिवशी बहुधा उघड्या असतात. म्हणून वर्षाकाठी मिळणाऱ्या २ ऐच्छिक सुट्ट्यांपैकी एक पाडव्यासाठी राखून ठेवावी लागते, आणि ती गणपतीत खर्चून बसलेला गृहस्थ पाडव्याचे जेवण रात्रीवर ढकलतो. तसे करण्यात अधर्म नाही. मात्र वृद्धांना रात्रीचे जड जेवण सोसत नाही, हे लक्षात घेऊन बेत हलका करावा.

बेत ठरविताना पहिला प्रश्न गोडाचा. पुरणपोळी की श्रीखंड-पुरी? पुष्कळ घरांत पुरणपोळीवाचून सण झाला असे वाटत नाही, आणि ती भावना खोटी नव्हे. तथापि हिशेब मांडून पाहावा. एक किलो हरभऱ्याच्या डाळीच्या २५-३० पोळ्या होतात. एक पोळी भाजण्यास तीन-चार मिनिटे म्हटली, तर जिच्या हातात उलथणे ती सव्वा ते दोन तास तव्यापासून हलू शकत नाही. शिवाय पुरणाची पोळी दुसऱ्याच्या हाती सोपविता येत नाही, ती फुटते. पुरीचे तसे नाही. एक किलो कणकेच्या ७० पुऱ्या एकाने लाटाव्या, दुसऱ्याने तळाव्या. अर्धापाऊण तासात काम उरकते, आणि श्रीखंड तर आदल्या दिवशीच तयार असते. ऐन वेळी गरम करावयाचा पदार्थ एकच असावा, हा नियम पहिल्या खेपेस तरी मोडू नये. पुरणपोळी होळीस करता येईल.

बारा जणांच्या श्रीखंडास म्हशीचे दूध साडेतीन लिटर लागते. त्याचा सव्वा किलोच्या आसपास चक्का निघतो, आणि त्यात एक किलोपर्यंत साखर सामावते. येथे दिल्लीची हवा आडवी येते. पुण्यात रात्री लावलेले विरजण सकाळी घट्ट होते. दिल्लीत कार्तिकातील रात्री गार होऊ लागल्यामुळे तेच दही सकाळी निम्मे दूधच असते. दूध जरा अधिक कोमट असताना विरजावे, भांडे जुन्या कांबळ्यात गुंडाळावे किंवा कणकेच्या डब्यात पुरून ठेवावे, आणि एक दिवस हाताशी राखावा. म्हणजे तीन दिवस आधी विरजण, दोन दिवस आधी चक्का टांगणे, आणि आदल्या दिवशी साखर घालून पुरणयंत्रातून काढणे. साखर मिसळण्यापूर्वी वाटीभर चक्का बाजूस काढावा. ज्यांना साखर वर्ज्य आहे असा एखादा पाहुणा आज प्रत्येक पंगतीत असतोच, आणि मीठ-जिरे घातलेला तो चक्का त्याच्या पानात न बोलता वाढला गेला, तर त्याच्या दुखण्याची चर्चा जेवणभर होत नाही.

आता एक अडचण, जी नवख्या यजमानिणीस स्वयंपाकाच्या दिवशीच उमगते. अनेक घरांत नैवेद्य दाखविण्यापूर्वी अन्न चाखत नाहीत. एरवी आमटी चमचाभर तळहातावर घेऊन मीठ ठरविणारा हात त्या दिवशी बांधलेला असतो. सासूबाईंचे मीठ वासावरून जमते, कारण त्यांच्या मागे तीस वर्षे आहेत. ज्यांच्या मागे ती नाहीत, त्यांनी पंधरा दिवस आधी एखाद्या रविवारी तोच बेत चौघांपुरता करून पाहावा आणि मीठ, तिखट, चिंच, गूळ यांची मापे कागदावर उतरवावी. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले तेव्हा त्यातील वाटी-चमच्याची मापे परगावी राहणाऱ्या कितीतरी घरांना आधार वाटली, त्याचे कारण हेच. शेजारी विचारावयास कोणी नव्हते. मात्र चौघांचे माप तिप्पट केले की मीठ व तिखट तिप्पट लागतेच असे नाही. ते थोडे कमीच घालावे. वाढता येते, काढता येत नाही.

बेतातील दुसरा प्रश्न अधिक नाजूक असतो. समजा, एक घर नागपूरचे आणि दुसरे रत्नागिरीचे. एकास गोळाभात हवा, दुसऱ्यास डाळिंब्यांची उसळ. एकाची आमटी झणझणीत, दुसरीत नारळ व आमसूल. नव्या घराची रीत कोणती, हे पाडव्याच्या या पानावरून ठरणार असते, आणि ते कोणी बोलून दाखवीत नसले तरी दोन्ही विहिणींना ठाऊक असते. अशा वेळी सरमिसळ करू नये. नागपुरी आमटीत नारळ घातल्याने नागपूरही खूश होत नाही आणि रत्नागिरीही. दोन्ही घरांचा एकेक पदार्थ, त्या त्या घरच्या कृतीने, तडजोड न करता करावा. कृती महिनाभर आधी दूरध्वनीवर विचारून घ्यावी. विचारल्याने मान राहतो, आणि माहितीही मिळते.

डाळिंब्यांचा आणखी एक उपयोग आहे. कडवे वाल रात्रभर भिजवावे, मग फडक्यात बांधून मोड आणावे, आणि कोमट पाण्यात टाकून सोलावे. दिल्लीच्या थंडीत मोड येण्यास एखादा दिवस अधिक लागतो, आणि वालही गावाहूनच मागवलेले बरे. सोलणे हे बसून, बोलत बोलत करावयाचे काम आहे. पाडव्याच्या आदल्या दुपारी ती परात आईपुढे व सासूबाईंपुढे ठेवावी. तीस वर्षे ज्यांनी सण उभा केला त्यांना ‘तुम्ही आता नुसत्या बसा’ असे सांगणे प्रेमाचे असले तरी कानाला निवृत्तीच्या हुकुमासारखे लागते. उलट ऐन वेळी त्यांना चुलीपाशी बोलावले, तर पळी पुन्हा त्यांच्या हातात जाते आणि सून पाहुणी होते. काम द्यावे, पण आदल्या दिवशी द्यावे.

पान वाढण्याची रीत सोपी असून तीत युक्ती आहे. केळीचे पान मिळाल्यास, दिल्लीत आय. एन. ए. बाजारात ते मिळू शकते, निमुळता शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हातास येईल असे मांडावे. वर मध्यभागी मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या व उसळ. जे बोटभर खावयाचे ते डावीकडे, जे घासाघासाला लागते ते उजव्या हाताजवळ. मधोमध भाताची मूद, तीवर वरण, आणि सर्वांत शेवटी तूप. तूप पडले म्हणजे पंक्तीस आरंभ. पुढे मसालेभात, मग श्रीखंड-पुरी, अखेरीस ताकभात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी वेगळे टेबल मांडून त्यांना पंक्तीबाहेर काढू नये. सर्वांनीच टेबलाशी बसावे. पाटरांगोळी हवीच असेल, तर रांगोळी टेबलाभोवती जमिनीवर घालता येते.

राहिला वाढण्याचा प्रश्न. पुरुषांची पंगत आधी व बायकांची मागून, ही चाल सुशिक्षित घरांतून बरीचशी गेली; पण तिची जागा घेणारी व्यवस्था पुष्कळ ठिकाणी अजून बसलेली नाही, आणि ‘सगळे एकदम बसू’ म्हणता म्हणता एक सून उभीच राहते. म्हणून आधीच ठरवून टाकावे. पहिली वाढणी यजमान पतिपत्नींनी दोघांनी मिळून करावी, पुऱ्या निम्म्या तळून ठेवाव्या, आणि मग दोघांनीही बसावे. पुढचे वाढणे तरुण मुलांनी आळीपाळीने पाहावे. तुपाची वाटी यजमानाने घ्यावी व पहिली धार आईच्या पानावर धरावी. आजवर तिचे पान सर्वांत शेवटी, उरलेसुरले वाढलेले असे. तिला गरम पुरी कशी लागते हे कदाचित तिलाही आठवत नसेल. ती दोनदा उठू पाहील. तिसऱ्यांदा उठणार नाही.

आग्रह एकदाच, फार तर दोनदा करावा. उरलेले श्रीखंड दुसऱ्या दिवशीच्या भाऊबिजेस उपयोगी पडते. मसालेभात मात्र बेताचाच करावा, दोन्ही भातांस मिळून किलोभर तांदूळ पुरे होतो. पाहुण्यांनी गावाहून चकलीचे, अनारशांचे, कुरडयांचे डबे आणलेले असतात. ते घासून पुसून, रिकामे न ठेवता, परतीच्या गाडीच्या आदल्या रात्री भरून ठेवावे. दिल्लीकडील गजक किंवा पेठा प्रवासात टिकतो.