कॉम्प्युटरचं मागचं दार

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत व्हायरस घुसवून चोरांनी सुमारे ९४ कोटी लुटले. काही रक्कम तर आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधून काढली.

इचलकरंजीत आपल्या बचत गटांचे हिशेबही आता कॉम्प्युटरवर आलेत. फुकटचं चोरटं सॉफ्टवेअर, अनोळखी मेलमधली फाइल, कुणाचाही पेनड्राइव्ह यांतून 'बॅकडोअर' व्हायरस शिरतो. पासवर्डचं कुलूप पुढं तसंच राहतं, हा आतून मागचं दार उघडतो.

संशय आला, की आधी इंटरनेट बंद करूया. विंडोज सिक्युरिटीतला ऑफलाइन स्कॅन चालवूया. तरी शंका उरली, तर हिशेबाच्या फाइल्स वेगळ्या ठेवून विंडोज नव्यानं टाकून घेऊया. पासवर्ड मात्र दुसऱ्या मोबाइलवरून बदलूया. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० ला फोन करूया.