अंतर्गत तक्रार समिती (उच्च शिक्षण)

अंतर्गत तक्रार समिती ही विद्यापीठांत व महाविद्यालयांत होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी स्वीकारून त्यांची चौकशी करणारी वैधानिक समिती होय. 'कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३' हा तिचा मूळ आधार आहे. उच्च शिक्षणसंस्थांतील तिची रचना व कार्यपद्धती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी ठरवून दिली आहे. कायद्यातील नाव २०१६ साली 'अंतर्गत समिती' असे झाले. विनियमांत मात्र जुने नाव आढळते. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात विद्यार्थी प्रशिक्षणासाठी कारखान्यांत जात असल्याने या समितीच्या अधिकारक्षेत्राला विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

राजस्थानात बालविवाह रोखण्याचे शासकीय काम करणाऱ्या भंवरीदेवी यांच्यावर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर महिला संघटनांनी दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी 'विशाखा मार्गदर्शक तत्त्वे' घालून दिली. या तत्त्वांची अंमलबजावणी होत नसल्याचे पुण्यातील 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी न्यायालयास पत्राने कळवले. त्या पत्रालाच न्यायालयाने याचिकेचे रूप दिले. याच प्रकरणात २००४ मध्ये तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल मानावा, असा आदेश झाला आणि १९ ऑक्टोबर २०१२ रोजी अंतिम निकाल लागला. पुढे संसदेने केलेला कायदा ९ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला. आयोगाचे विनियम २ मे २०१६ रोजी अधिसूचित झाले.

रचना

समितीच्या अध्यक्षस्थानी ज्येष्ठ महिला प्राध्यापक असते. तिच्यासह दोन अध्यापक, दोन अध्यापकेतर कर्मचारी आणि महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेचा किंवा या विषयाची जाण असलेला एक बाहेरचा सदस्य असतो. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असल्यास तीन निर्वाचित विद्यार्थी-प्रतिनिधीही सहभागी होतात. किमान निम्मे सदस्य महिला असणे बंधनकारक आहे. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरिष्ठ प्रशासकीय पदांवरील व्यक्तींना सदस्य होता येत नाही. समितीच्या स्वायत्ततेसाठी ही तरतूद केलेली आहे. सदस्यांची मुदत तीन वर्षांची असते.

तक्रार व चौकशी

तक्रार लेखी स्वरूपात, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावी लागते. घटना वारंवार घडल्या असल्यास शेवटच्या घटनेपासून मुदत मोजतात. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदतवाढ देऊ शकते. पीडित व्यक्तीला स्वतः लिहिणे शक्य नसल्यास समितीने तिला लेखनसाहाय्य करावयाचे असते. शारीरिक वा मानसिक असमर्थतेमुळे ती तक्रार करू शकत नसल्यास मित्र, नातेवाईक, सहाध्यायी किंवा सहकारी यांनाही तक्रार दाखल करता येते.

तक्रारीची प्रत सात दिवसांत प्रतिवादीला दिली जाते व त्याने दहा दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण करून पुढील दहा दिवसांत अहवाल सादर केला जातो. अहवालावर ३० दिवसांत कारवाई करण्याची व तेवढ्याच मुदतीत अपिलाची तरतूद विनियमांत आहे. मूळ कायद्यात या मुदती अनुक्रमे ६० व ९० दिवसांच्या आहेत. समेट केवळ तक्रारदाराच्या विनंतीवरूनच होऊ शकतो आणि पैशांची देवाणघेवाण हा त्याचा आधार असू शकत नाही.

चौकशी चालू असताना प्रतिवादीला तक्रारदाराच्या परीक्षा किंवा कामाचे मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवता येते, तसेच तक्रारदाराला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. प्रात्यक्षिकांचे गुण एखाद्याच अध्यापकाच्या हाती असतात तेथे ही तरतूद निर्णायक ठरते. संबंधितांची ओळख गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही व तक्रारदारावर कारवाईही होत नाही.

प्रतिवादीलाही बाजू मांडण्याची पुरेशी संधी द्यावी लागते. गोवा विद्यापीठाशी संबंधित अपिलात १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, चौकशी घाईने उरकल्याच्या कारणावरून, बडतर्फीचा आदेश रद्द करून प्रकरण फेरचौकशीसाठी समितीकडे परत पाठवले. त्याच निकालात, देशभरातील शासकीय कार्यालये, विद्यापीठे इत्यादी ठिकाणी समित्या खरोखर स्थापन झाल्या आहेत का, हे तपासण्याचे निर्देशही दिले.

औद्योगिक पट्ट्यातील अधिकारक्षेत्र

पिंपरी-चिंचवड परिसरातील अनेक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. येथील अभियांत्रिकी व व्यवस्थापन शाखांचे विद्यार्थी भोसरी, चाकण, तळेगाव येथील कारखान्यांत इंटर्नशिप करतात. कारखान्याच्या फाटकातून आत गेल्यावर महाविद्यालयाचा संबंध संपतो, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. विनियमांतील 'परिसर' या संज्ञेत वर्ग, वसतिगृह व उपाहारगृह यांच्याबरोबरच संस्थेने पुरवलेली बस, अभ्याससहल, इंटर्नशिप आणि अल्पकालीन प्रशिक्षणाची ठिकाणेही येतात. त्यामुळे प्रशिक्षणाच्या काळातील घटनेबाबत विद्यार्थिनी स्वतःच्या महाविद्यालयाच्या समितीकडे जाऊ शकते.

त्याच वेळी २०१३ च्या कायद्यानुसार कारखान्याचे दारही तिला खुले असते, कारण 'कर्मचारी' या व्याख्येत कंत्राटी कामगार, प्रशिक्षणार्थी व अप्रेंटिस यांचा समावेश आहे. सुपरवायझरने छळ केल्यास त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई महाविद्यालय करू शकत नाही. ती त्याच्या मालकानेच करावयाची असते. अशा प्रकरणी कारखान्याच्या समितीकडेही तक्रार करता येते. लहान वर्कशॉपमध्ये दहापेक्षा कमी कर्मचारी असल्यामुळे समिती नसेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

अन्य मार्ग व आधार

समितीकडे तक्रार केल्याने पोलिसांकडे जाण्याचा हक्क संपत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळ (कलम ७५) व पाठलाग (कलम ७८) हे गुन्हे आहेत. चाकण, आळंदी व तळेगाव ही पोलीस ठाणी १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येतात. तथापि घटना कोणत्याही हद्दीत घडली असली तरी जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो.

तातडीच्या मदतीसाठी ११२, महिला साहाय्यासाठी १८१ आणि मानसिक आधारासाठी 'टेली-मानस'चा १४४१६ हे क्रमांक उपलब्ध आहेत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिलांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी साहाय्य मिळू शकते. २०१३ चा कायदा महिलांच्या संरक्षणापुरता असला, तरी विद्यार्थी व तृतीयपंथी व्यक्तींवरील लिंगाधारित हिंसेविरुद्धही कारवाई करण्याची जबाबदारी आयोगाच्या विनियमांनी शिक्षणसंस्थांवर सोपवली आहे. रॅगिंगच्या तक्रारींसाठी महाराष्ट्रात १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे.